कुकरच्या शिट्ट्यांमध्ये बसणारा योग

इंदूरच्या अन्नपूर्णा परिसरातल्या मराठी मंडळींनो, योगासाठी वेगळा तास हवाच असं नाही. १९१८ मध्ये श्री योगेंद्रांनी मुंबईत ‘द योग इन्स्टिट्यूट’ काढली, ती संसारी माणसासाठीच. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत नेलं.

रोजच्या दिवसात हे सहज बसतं:

🔸 उठल्याउठल्या दहा संथ श्वास. सोडताना जास्त वेळ घ्या. दीर्घ उच्छ्वासाने हृदयाचे ठोके किंचित मंदावतात.

🔸 कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ताडासन. दोन्ही पायांवर समान भार, पाठ ताठ, खांदे सैल.

🔸 पोहे-जिलबी खाताना मोबाइल दूर. शेव, लिंबू, जिरावणाची चव ओळखत सावकाश चावा.

🔸 अन्नपूर्णा मंदिरात हत्तींच्या प्रवेशद्वारापासून गाभाऱ्यापर्यंत फक्त पावलांकडे लक्ष. मन भरकटलं तर न चिडता परत आणा. सजगतेचा सराव तो हाच.

⚠️ रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर श्वास रोखण्याचे प्रकार टाळा. डॉक्टर आणि जाणकार शिक्षकांना विचारूनच पुढे जा.

चारही एकदम नकोत. एकच निवडा, उद्या सकाळपासून सुरू करा आणि घरातल्या आजी-आजोबांनाही सोबत घ्या.