पुरुषांनो, लघवीचे दुखणे लपवू नका!

दरवर्षी २० मार्चला आमच्या विहारातून महाडला बस निघते. चवदार तळ्यावर अभिवादन करायचे, वंदना घ्यायची, सोबतच्या भाजी-भाकरीच्या शिदोऱ्या सोडायच्या आणि रात्री मुंबईला परतायचे, असा अनेक वर्षांचा क्रम आहे. या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची खिडकीजवळची जागा एका उपासकांची ठरलेली. नाव देत नाही. वस्तीत सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून आम्हीही काकाच म्हणू. तरुणपणी गिरणीत साच्यावर होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, मग साठी उलटेपर्यंत वॉचमनकी केली. आज वय चौऱ्याहत्तर. बस सुटली की भीमगीताचा पहिला सूर त्यांचाच.

चार वर्षांपूर्वी काकांनी ऐनवेळी महाडला येण्याचे टाळले. गुडघे दुखतात म्हणाले. पुढच्या वर्षीही आले नाहीत. रविवारच्या वंदनेला येत, पण पुढे बसणारा हा माणूस दाराजवळ बसू लागला आणि मध्येच उठून जाऊ लागला. आम्ही म्हटले, वय झाले. त्यापुढे कोणी विचार केला नाही, हे आम्ही आमच्याच पदरात घालून घेतो.

खरी गोष्ट अशी होती की काकांना दर तासाला लघवीला जावे लागत होते. बस मध्येच थांबवा असे पोराबाळांसमोर कसे सांगायचे? रात्री चार-पाच वेळा उठून चाळीच्या टोकाच्या संडासापर्यंत जायचे. पावसाळ्यात जिना निसरडा, म्हणून कॉटखाली डबा ठेवलेला. काकूंनी विचारले तर "थंडी आहे" म्हणायचे, उन्हाळ्यातही थंडीच! संध्याकाळी सहानंतर त्यांनी पाणी पिणेच सोडले. मग कंबर दुखू लागली. तेल लावले, मालीश केली, पट्टा बांधला, कोपऱ्यावरच्या डॉक्टरने मणक्याची झीज म्हणून गोळ्या दिल्या. त्यात वर्ष गेले. एका रात्री लघवी पूर्ण बंद झाली, पोट फुगून दगडासारखे झाले, तेव्हा शेजारच्या पोरांनी रिक्षात घालून इस्पितळात नेले. नळी घातली, रक्त तपासले, गाठीचा तुकडा काढला. प्रोस्टेटचा कर्करोग निघाला आणि तो हाडांत उतरला होता. कंबर दुखत होती ती त्यामुळेच.

हे सारे छापण्याची परवानगी काका-काकूंनी दिली आहे. परवानगी तरी कशाला म्हणायची, "छापाच" असे काकूच म्हणाल्या.

प्रोस्टेट म्हणजे काय, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? ही फक्त पुरुषाच्या शरीरात असणारी ग्रंथी. लघवीच्या पिशवीच्या खाली, गुदद्वाराच्या पुढच्या बाजूला, अक्रोडाएवढी. पिशवीतून बाहेर येणारी लघवीची नळी या ग्रंथीच्या मधोमध जाते. वीर्यातील काही द्रव ही ग्रंथी तयार करते. पन्नाशीनंतर बहुतेक पुरुषांत ती हळूहळू वाढते. वाढली की मधल्या नळीवर दाब येतो. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, जोर द्यावा लागतो, थेंब थेंब गळत राहते, पिशवी रिकामी झाल्यासारखे वाटत नाही, रात्री झोपमोड होते. ही नुसती वाढ कर्करोग नव्हे. पुष्कळांना गोळ्यांनी आराम पडतो, काहींना दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागते. म्हणून असा त्रास होणाऱ्याने लगेच कॅन्सर म्हणून धास्ती घेऊ नये. पण दुखणे अंगावरही काढू नये. अडकलेल्या लघवीने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

आता दुसरी गोष्ट, जी वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. कर्करोग बहुधा या ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, नळीपासून दूर. त्यामुळे सुरुवातीला तो काहीच त्रास देत नाही. धार चांगली असते, झोप लागते, माणूस कामावर जातो, आणि आत गाठ वाढत असते. त्रास जाणवेपर्यंत कित्येकदा ती ग्रंथीबाहेर गेलेली असते. पाठीच्या, कंबरेच्या, खुब्याच्या हाडांकडे धाव घेण्याची या रोगाची खोडच आहे. वयस्क पुरुषाची कंबर महिनोन्‌महिने दुखते, रात्री पडल्यावरही थांबत नाही, वजन उतरते, तेव्हा मालीशवाल्याकडे जाण्याआधी मोठ्या इस्पितळात दाखवावे. आणि पायातली ताकद एकाएकी जाऊ लागली किंवा पाय बधिर पडले, तर त्याच दिवशी न्यावे. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. एक दिवसाच्या उशिरानेही माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. लघवीत रक्त दिसले तर दुखत नसले तरी दाखवायचेच.

आमच्यातले कितीतरीजण म्हणतात, "मी पंचशील पाळतो, दारूला शिवलो नाही, तंबाखू नाही, मला कसला कॅन्सर?" तंबाखू सोडली हे उत्तमच केले. आपल्या देशातील पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त आहे आणि त्याचे मोठे कारण तंबाखूच. पण प्रोस्टेटचा कर्करोग शीलवानालाही होतो. त्याचे मुख्य कारण वय. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा रोग झाला असेल तर धोका सुमारे दुप्पट होतो. मुंबईत कर्करोगाची नोंदणी १९६३ पासून होते. मुंबई, पुणे, दिल्ली अशा शहरांच्या नोंदींत पुरुषांच्या कर्करोगांमध्ये प्रोस्टेट आज पुढच्या क्रमांकांत आहे.

तपासणी कशी करतात?

तपासण्या दोन. पहिली रक्ताची, तिला पी.एस.ए. म्हणतात. प्रोस्टेट एक प्रथिन तयार करते, त्याचे रक्तातील प्रमाण मोजायचे. १९८० च्या दशकात ही तपासणी वापरात आली. साधारणपणे चारच्या वर आकडा गेला की डॉक्टर पुढची चौकशी करतात. पण आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असे मुळीच नाही. साधी वाढ, लघवीतला जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी, यांनीही तो वाढतो. चार ते दहा आकडा असलेल्या बहुतेकांत शेवटी कर्करोग निघत नाही. म्हणून लघवीला जळजळ असताना ही तपासणी करू नये, संसर्ग बरा होऊन काही आठवडे जाऊ द्यावेत. प्रोस्टेट आकसण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे; काही गोळ्या हा आकडा निम्म्यावर आणतात आणि रोग झाकला जातो.

दुसरी तपासणी बोटाची. डॉक्टर हातमोजा घालून, बोटाला वंगण लावून, गुदद्वारातून ग्रंथी चाचपतात. कर्करोग बाहेरच्या भागात असल्याने कठीण गाठ बोटाला लागू शकते. अर्धा मिनिटही लागत नाही. पण याच अर्ध्या मिनिटासाठी आमचे पुरुष वर्षे घालवितात. काका आम्हाला म्हणाले, "अरे, गिरणीत गेटवर रोज झडती द्यायचो, तेव्हा लाज वाटली नाही. इथे डॉक्टरपुढे वाटली." ज्यांनी आयुष्यभर अपमान सोसला त्यांना अंगाला कोणी हात लावणे खुपते, हे आम्ही समजू शकतो. पण हा हात अपमानाचा नाही.

या दोन्हींत शंका आली तर एम.आर.आय. आणि तुकड्याची तपासणी करतात. कर्करोगाचा निकाल तुकड्यावरूनच लागतो.

मग पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने डोळे मिटून पी.एस.ए. करावी काय? येथे आम्हाला वाचकांशी प्रामाणिक राहायचे आहे, कारण शिबिरांतून आणि लॅबच्या जाहिरातींतून एकच बाजू सांगितली जाते. २००९ साली दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष आले. युरोपातील अभ्यासात तपासणी केलेल्या पुरुषांत या रोगाचे मृत्यू सुमारे एक-पंचमांशाने कमी दिसले. अमेरिकेतील अभ्यासात फरक दिसला नाही. प्रोस्टेटचे काही कर्करोग इतके मंद असतात की माणूस दुसऱ्याच कारणाने जातो. अशांना ऑपरेशन केले तर लघवी न थांबणे, शरीरसंबंधात अडचण येणे, असे त्रास विनाकारण मागे लागतात. अशा मंद रोगावर आता पुष्कळ डॉक्टर लगेच सुरी न चालविता ठराविक काळाने तपासत राहतात. म्हणून आमचे म्हणणे असे की पन्नाशीनंतर, आणि घरात वडील-भावाला झाला असेल तर पंचेचाळिशीतच, डॉक्टरांकडे हा विषय काढावा, दोन्ही बाजू विचाराव्यात आणि मग ठरवावे. ज्याला त्रास आहे त्याच्यासाठी मात्र हा वाद नाही. त्याने जायचेच.

आणि जायचे ते खऱ्या डॉक्टरकडे. स्टेशनच्या भिंतीवर 'गुप्तरोगावर हमखास इलाज' असे रंगवलेले असते. लघवीची तक्रार म्हणजे गुप्तरोग, गुप्तरोग म्हणजे वाईट चाल, असे गणित डोक्यात बसल्याने गरीब माणूस तिकडे वळतो आणि पुड्यांवर हजारो रुपये घालवितो. या रोगाचा चालचलणुकीशी काडीचा संबंध नाही.

काकूंचे म्हणणे

हाडांत गेलेला रोग मुळापासून जात नाही, पण त्याला वर्षानुवर्षे दाबून ठेवता येते. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो, ते तोडले की तो आकसतो. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखविले आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते तोडण्याचे दोन मार्ग: ठराविक महिन्यांनी इंजेक्शन, किंवा वृषण काढण्याची एकदाच करायची लहान शस्त्रक्रिया. इंजेक्शने जन्मभराची, शस्त्रक्रिया स्वस्त. काकांनी ऐकले आणि तोंड भिंतीकडे केले. दोन दिवस जेवले नाहीत. मोठा मुलगा कर्ज काढायला निघाला. तेव्हा काकू बोलल्या, "मला माणूस पाहिजे. बाकीचं काय घेऊन बसलाय या वयात!" काकांनी सही केली. महिन्याभरात कंबरदुखी पुष्कळ उतरली.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता आणि सोबतचे भिक्खू फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. वर्षावासात हा प्रसंग आपण ऐकतो, साधू म्हणतो. आमच्या विहारात दाराजवळ बसणाऱ्या माणसाला मात्र आम्ही दोन वर्षे विचारले नाही.

पैशाचे थोडक्यात सांगतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतील इस्पितळात आरोग्यमित्राला भेटावे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे; तेथे आणि पालिकेच्या मोठ्या इस्पितळांत समाजसेवा विभाग असतो, त्यांच्याशी संकोच न करता बोलावे. राज्य विमा, म्हणजे ई.एस.आय., ज्यांच्या पगारातून कापला जातो त्यांनी तो हक्क वापरावा. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपविली गेली आणि त्यातून १९४८ चा कायदा आला. निवृत्तीनंतरही ठराविक वर्षे विमा भरलेल्या कामगाराला अल्प वार्षिक रकमेत पती-पत्नी दोघांचे उपचार मिळण्याची तरतूद आहे. आपल्यातील कितीतरी निवृत्त कामगार ही चौकशीच करीत नाहीत.

यंदा २० मार्चला आमची बस निघण्याआधी विहाराच्या फळ्यावर थांबे लिहिले होते: पनवेल, वडखळ, माणगाव. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे. काका ड्रायव्हरच्या मागे बसले, मांडीवर पाण्याची बाटली. पनवेलला ते उतरले तेव्हा त्यांच्यामागे आणखी पाच पुरुष उतरले. त्यांतील दोघे पुढच्याच आठवड्यात काकांना सोबत घेऊन इस्पितळात केसपेपर काढायला गेले.