गोठा रिकामा होतो तेव्हा



गटातल्या एखादीच्या घरचं माणूस गेलं, की आपण सगळ्या धावतो. पिठलं-भाकरी नेतो, दहाव्यापर्यंत जाऊन बसतो. पण तिची म्हैस गेली, कुत्रं गेलं, तर? “जनावरच होतं, दुसरं आण,” असं म्हणून मोकळ्या होतो. आज आपण याच दुःखाविषयी बोलू. एकट्या राहणाऱ्या बाईला ते फार जड जातं.

आपलाच भाग बघा. चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी इकडे एमआयडीसी आली, जमिनी गेल्या. गोठ्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. मुलं कंपनीत, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी. काही जण भोसरी-पिंपरीकडे राहायला गेले. मागं राहिली आजी, आणि तिच्यापाशी एखादी म्हैस, शेळी नाहीतर दारातलं कुत्रं.

ते जनावर तिला काय देतं? एक, दिवसाचं घड्याळ. पहाटे उठायचं, शेण काढायचं, वैरण टाकायची, धार काढायची. अंगात बळ नसलं तरी उठावंच लागतं, कारण कुणीतरी उपाशी आहे. दोन, बोलायला सोबत. तीन, स्पर्श. म्हातारपणी अंगावरून हात फिरवणारं कुणी राहत नाही. पण गाय हात चाटते, कुत्रं पायाशी येऊन बसतं. चार, माणसांत जाणं. डेअरीवर दूध घालायला गेलं की चार बायका भेटतात, ख्यालीखुशाली कळते.

जनावर गेलं की हे चारही धागे एकदम तुटतात. म्हणून तिला दिवस खायला उठतो. चूल उशिरा पेटते, गोळी घ्यायची राहते, ती डेअरीकडे फिरकत नाही. लोकांना वाटतं, म्हातारी हट्टाला पेटली. खरं तर तिचा दिवसच मोडलेला असतो.

वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळतो. भाद्रपदी बैलपोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवतो. म्हणजे जनावर घरचंच आहे, हे आपण मानतो. मग ते गेल्यावर रडणाऱ्या बाईला हसायचं कशाला?

हे दुःख गरिबाचंच असतं असंही नाही. पिंपरीच्या टाटा मोटर्समुळे रतन टाटांचं नाव आपल्या घराघरांत आहे. ते अविवाहित होते, कुत्र्यांवर त्यांचा फार जीव. एक कुत्रा गेला की आता पुन्हा हे दुःख नको, असं ते ठरवत. पण दोन-तीन वर्षांत घर इतकं रिकामं वाटे, की पुन्हा एक येई. हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या शंतनू नायडू या तरुणानं रस्त्यावर गाडीखाली मेलेलं कुत्रं पाहिलं आणि भटक्या कुत्र्यांसाठी अंधारात चमकणारे पट्टे बनवले. त्यातून त्याची टाटांशी मैत्री जमली. पुढं २०२२ मध्ये त्यानं एकट्या ज्येष्ठांना तरुणांची सोबत देणारं काम सुरू केलं, त्याला टाटांनी पाठबळ दिलं. मुक्या जीवाच्या दुःखातून माणसांची सोबत उभी राहू शकते, ती अशी.

आपल्या गटाला काय करता येईल?

पहिलं, तिच्या घरी जाऊन बसा. जनावराचं नाव घ्या, त्याच्या खोड्या विचारा. ती रडली तर रडू द्या.

दुसरं, रिकामी झालेली वेळ भरा. धारेच्या वेळेला दोघींनी आळीपाळीनं तिच्याकडे चहाला जावं, नाहीतर तिला बोलवावं. तिला कामही द्या. कामावर जाणाऱ्या सुनेचं लेकरू तासभर सांभाळणं, पापड-कुरडयांत हात लावणं, काहीही. पण आपली कुणाला तरी गरज आहे, हे तिला कळलं पाहिजे.

तिसरं, लगेच दुसरं जनावर आणून बांधू नका. कधी आणायचं, आणायचं की नाही, ते तिला ठरवू द्या. वैरणीचा भारा उचलत नसेल, तर शेजारच्या वासराला चारा घालण्यातही जीव रमतो.

चौथं, कागदपत्रं. दुभतं जनावर गेलं की पोटावरही पाय येतो. विमा असेल तर पुरण्याआधी विमा कंपनीला आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. कानातला बिल्ला जपून ठेवा. त्याशिवाय दावा अडतो. दुःखात तिला हे सुचणार नाही, गटानं बघायचं.

पाचवं, लक्ष ठेवा. दोन आठवडे उलटूनही जेवण-झोप नाही, औषधं बंद, किंवा “आता जगून काय करू” असं ती बोलली, तर थांबू नका. तिला एकटं सोडू नका, आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात न्या. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस मोफत चालू असतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ आहे. दोन्ही नंबर गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एकच प्रश्न विचारा: आपल्या आळीत कुणाचा गोठा नुकता रिकामा झाला आहे? नाव निघालं, तर बैठक संपल्यावर दोघी-तिघींनी तिच्याकडे जाऊन या.