एक गॅलन, एक माणूस, २०० मैल

सप्टेंबर २०११, सांता रोझा, कॅलिफोर्निया. नासाच्या 'ग्रीन फ्लाइट चॅलेंज'ची अट कडक होती : २०० मैल (सुमारे ३२२ किमी) दोन तासांच्या आत कापायचे, तेही माणशी एक गॅलन पेट्रोलइतक्याच ऊर्जेत.

हिशेब माणशी असल्यामुळे जितक्या जास्त जागा, तितका फायदा. स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीने हे नेमके हेरले. 'टॉरस' या आपल्या दोन आसनी ग्लायडरची दोन धडे एकाच लांब पंखाने जोडून तिने चार आसनी 'टॉरस जी४' बांधले आणि मध्यभागी १४५ किलोवॉटची मोटर बसवली. वजन दोन धडांत विभागल्याने पंखाच्या मध्यावर वाकण्याचा ताण कमी पडतो, रचना हलकी ठेवता येते. ते गरजेचेच होते, कारण बॅटऱ्याच सुमारे ५०० किलोच्या! विमानाचे पहिले उड्डाण स्पर्धेच्या जेमतेम दीड महिना आधी झाले.

याच स्पर्धेत उतरलेल्या श्टुटगार्ट विद्यापीठाच्या 'ई-जीनियस' विमानाची युक्ती मला अधिक देखणी वाटते : मोटर थेट शेपटीच्या उभ्या पंखावर. त्यामुळे चाकांचे पाय न वाढवता मोठा, सावकाश फिरणारा पंखा लावता आला.

जी४ने गॅलनमागे ४०३.५ प्रवासी-मैल गाठून साडेतेरा लाख डॉलर जिंकले. ई-जीनियस दुसरे आले. २०२० साली पिपिस्ट्रेलच्याच 'व्हेलिस इलेक्ट्रो'ला युरोपीय प्रमाणपत्र मिळाले. असे प्रमाणपत्र मिळवणारे ते जगातले पहिले विद्युत विमान.