घुला चावत नाही!

आंब्याच्या वा एरंडाच्या पानाला मुलाचा हात लागतो, आग होते आणि आपण म्हणतो, 'घुला चावला.' वस्तुतः तो चावत नाही. पान जपून उलटावे. पोपटी, चपटे अंग, पाठीवर निळे पट्टे, कडेला काट्यांचे झुपके, पाय जणू नाहीतच, चाल गोगलगाईची. एवढे दिसले की हा 'पॅरासा लेपिडा' पतंगाचा सुरवंट असावा, असे आम्ही धरतो. दिसावयास मोठा देखणा! काटे पोकळ व विषारी. स्पर्श होताच विष कातडीत उतरते. म्हणून चोळू नये. चिकटपट्टीने काटे उचलावेत, मग साबणाने धुवावे; श्वास लागल्यास तडक डॉक्टर गाठावा. सालीला चिकटलेला त्याचा कठीण कोशही बोटांनी खरवडू नये. त्यावरही खाजरे काटे असतात.