कवटीची साक्ष कितपत ग्राह्य?

सप्टेंबर १९३५ मध्ये स्कॉटलंडमधील मॉफट गावाजवळ एका ओढ्यात दोन मृतदेहांचे तुकडे सापडले. ओळख पटू नये म्हणून चेहऱ्यांची नासधूस केलेली होती. त्यांपैकी एक देह पुरुषाचा असावा, असा पहिला अंदाज झाला. प्रत्यक्षात दोन्ही स्त्रिया होत्या: मूळच्या मुंबईच्या डॉक्टर बक रक्स्टन यांच्यासोबत विवाहाविना पत्नीसारखी राहणारी इझाबेला आणि मुलांना सांभाळणारी मेरी रॉजरसन. वाचकहो, पहिलाच अंदाज चुकला, तर बेपत्ता व्यक्तींच्या यादीतील भलत्याच नावांमागे तपास लागतो.

मग कवटीवरून स्त्री-पुरुष भेद ठरवतात तरी कसा? वयात आल्यावर पुरुषाच्या कवटीवर स्नायूंच्या जोडाच्या खुणा सामान्यतः ठळक होतात. कानामागचा हाडाचा उंचवटा मोठा, भुवयांमधला भाग पुढे आलेला, हनुवटी भक्कम. स्त्रीच्या कवटीत डोळ्याच्या खोबणीची वरची कड बोटाला धारदार लागते. नुसत्या नजरेवर भिस्त नको, म्हणून मोजमापे घेतात: कवटीची लांबी-रुंदी आणि विशेषतः दोन्ही गालांच्या कमानींमधले अंतर. जाइल्स आणि इलियट या संशोधकांनी १९६३ साली अशा मापांना कमीअधिक भार देऊन बेरजेची सूत्रे बांधली. बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली तर पुरुष, खाली राहिली तर स्त्री. हा निर्णय सुमारे ८२ ते ८९ टक्के वेळा बरोबर ठरला.

म्हणजे शंभरांत अकरा ते अठरा कवट्या चुकल्या. शिवाय ती सूत्रे अमेरिकेतील कवट्यांवरून बांधलेली. ज्या लोकसमूहाची हाडे मुळातच लहान, त्यातले काही पुरुषही त्या सूत्राने स्त्रियांत मोजले जातील. म्हणून प्रत्येक समूहासाठी सीमारेषा नव्याने तपासावी लागते. लहान मुलांच्या कवटीवर तर हे भेद पुरेसे उमटलेलेच नसतात. कटीचे हाड मिळाले, तर त्यावर अधिक विश्वास ठेवतात. आज शक्य तेथे डीएनए तपासतात.

रक्स्टन खटल्यात ग्लाइस्टर आणि ब्रॅश या प्राध्यापकांनी कवटीचे छायाचित्र इझाबेलाच्या छायाचित्रावर ठेवून मेळ दाखवला. जोडीला मेरीच्या बोटांचे ठसे होते. १९३६ साली रक्स्टन यांना फाशी झाली. तेव्हा कवटीवरचा निष्कर्ष वाचताना आपण दोन प्रश्न विचारावेत: माप कोणत्या लोकांवरून ठरवले, आणि जोडीला दुसरा पुरावा कोणता?