दारात बसलेली मनी : घरात वाढलेल्या पिल्लाला बाहेर कसं न्यायचं

मागच्या भागानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून आला. हैदराबादच्या एका ताईंनी लिहिलं, "आमची मनी सात महिन्यांची झाली. दिवसभर दारात बसून ओरडते. सोडू का बाहेर?" इंदूरच्या एका काकांचा बोका जाळीच्या दारावर चढून बसतो. बडोद्याला कुणाचं बंगल्याचं आवार आहे, दिल्लीत कुणाचा चौथा मजला. म्हणून आजचा भाग याच विषयावर.

मी पशुवैद्य नाही. बेंगळुरूत राहते आणि बरीच वर्षं अनाथ पिल्लं सांभाळून चांगल्या घरी देते. जे सांगणार आहे ते त्या अनुभवातून आणि आमच्या डॉक्टरांकडून शिकलेलं.

आधी माझं मत सांगून टाकते. आपल्या शहरांत मांजर मोकळं सोडावं असं मला वाटत नाही. "आमच्या आजीकडे मांजरं दिवसभर गावभर फिरायची," असं पुष्कळ जण म्हणतात. फिरायची, खरं आहे. पण त्यातली किती परत आली नाहीत, हे कुणी मोजलं नव्हतं. एक गेलं की दुसरं पिल्लू यायचं. तेव्हा रस्त्यावर इतक्या गाड्याही नव्हत्या. तरीही मांजराला आयुष्यभर चार भिंतींत ठेवा, असं मी म्हणणार नाही. वास, ऊन, माती, पाखरांचे आवाज याची त्याला गरज असते. मोकळं सोडणं आणि कोंडून ठेवणं यांच्या मधला रस्ता आहे: अंगाला पट्टा, हातात दोरी, किंवा नीट जाळी लावलेली गॅलरी.

तयारीचं आधी उरकू. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. शेवटच्या डोसनंतर दोनेक आठवडे जाऊ द्या, मगच जमिनीवर पाय. पिल्लांना होणारा पॅनल्यूकोपेनिया हा आजार फार वाईट, आणि त्याचा विषाणू मातीत, फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो. दुसरं म्हणजे नसबंदी. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातही गाभण राहू शकते. हैदराबादच्या ताई, सात महिन्यांची मनी दिवसभर ओरडत असेल तर तिला बाहेरची हौस आहे की ती माजावर आली आहे, हे आधी डॉक्टरांना विचारा. बऱ्याचदा दुसरंच कारण निघतं.

बाहेर जायचं म्हणजे गोचीड-पिसवांचं औषध हवंच. इथे एक गोष्ट ठासून सांगते. कुत्र्यासाठी आणलेले मानेवर सोडायचे थेंब मांजराला लावू नका. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर दोघांची औषधं वेगळ्या डब्यात ठेवा.

आता मुख्य काम, पट्टा. नुसता गळ्यातला पट्टा चालत नाही. त्यातून मांजर डोकं काढून पळतं, नाहीतर गळ्याला फास बसतो. छाती आणि पोट दोन्हीभोवती येणारा हार्नेस घ्या. बांधल्यावर आत दोन बोटं जातील एवढाच सैल. तो विकत आणल्या दिवशी घालायचा नाही. दोन-तीन दिवस खाण्याच्या ताटलीजवळ नुसता पडू द्या. मांजर त्याचा वास घेईल, त्यावर गाल घासेल. गाल घासणं म्हणजे स्वतःचा वास लावून "हे माझं" म्हणणं. मग अंगावर ठेवा, बांधू नका, खाऊ द्या, काढा. मग बांधा.

बांधल्यावर बहुतेक पिल्लं धाडकन आडवी होतात, जणू पायच गेले. व्हिडिओ काढून हसावंसं वाटतं, मीही हसते. पण त्याला दुखत नसतं, पाठीवरचा दाब नवा असतो एवढंच. उचलून उभं करू नका. दोन हातांवर आवडीचा खाऊ ठेवा आणि वाट बघा. दोन मिनिटांनी काढा, उद्या पुन्हा. पट्टा घालून ते घरात आपणहून खेळू लागलं, उडी मारू लागलं, की दोरी लावा आणि घरातच फिरा. कुणाला आठवडा लागतो, कुणाला दीड महिना. याच काळात एक आवाज शिकवा. मी खाऊचा डबा खुळखुळवते. रोज जेवणाआधी तोच आवाज, दुसऱ्या कशासाठी नाही. पुढे हा आवाज फार उपयोगी पडतो.

आणि मग पहिला दिवस. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नियम असा: मांजराने स्वतःच्या पायांनी बाहेर जायचं, आपण उचलून न्यायचं नाही. चालत गेलेल्या मांजराला घराकडे परत जायची वाट वासाने माहीत असते. कडेवर नेलेल्याला ती माहीत नसते, आणि घाबरलं की ते कुठल्याही दिशेला पळतं. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका कुटुंबाने सहा महिन्यांचं पिल्लू असंच हौसेने कडेवर घेऊन बागेत नेलं. कुठेतरी एक फटाका वाजला. पिल्लाने खांद्यावर नखं रोवून उडी मारली आणि दिसेनासं झालं. अकराव्या दिवशी ते तीन इमारती सोडून पाण्याच्या टाकीखाली सापडलं. नुसती हाडं राहिली होती, पण जिवंत होतं.

तळमजला किंवा बंगला असेल तर जेवणाच्या अर्धा तास आधी, पोट रिकामं असताना, दार उघडा आणि उघडंच ठेवा. शाळा सुटण्याची, कचरागाडीच्या गाण्याची वेळ टाळा. तुम्ही उंबऱ्याबाहेर बसा आणि गप्प राहा. मांजर उंबऱ्यावर दहा मिनिटं नुसतं हुंगत बसेल. एक पाऊल टाकेल आणि आत पळेल. पळू द्या, दोरी खेचू नका. पहिल्या दिवसाची सहल तेवढीच. वरच्या मजल्यावर राहत असाल तर मांजराची बंद टोपली किंवा कॅरिअर हेच त्याचं फिरतं घर. त्यातून खाली न्या, शांत कोपऱ्यात दार उघडून ठेवा, बाहेर यायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. दोरी मात्र आधीपासून तुमच्या मनगटात हवी.

शेपूट उभी, कान पुढे, म्हणजे सगळं ठीक. पोट जमिनीला टेकलं, कान चपटे झाले, डोळे मोठे काळे दिसू लागले, की कार्यक्रम संपला. अशा वेळी हाताने उचलायला जाऊ नका, ते तुम्हालाच बोचकारेल. कॅरिअर जवळ सरकवा किंवा अंगावर टॉवेल टाका. रस्त्यावरचं कुत्रं दिसलं तर दगड मारू नका, आरडाओरडाही नको. मध्ये उभे राहा आणि मांजराला आत घ्या. उन्हाळ्यात फरशीला हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद लावून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. आवारात कण्हेर किंवा सायकस असेल तर तिकडे नेऊच नका, दोन्ही विषारी.

गॅलरीबद्दल. "मांजर कसंही पडलं तरी पायांवर पडतं" हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते. पायांवर पडतं, पण मोडायचं ते मोडतंच. न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमधल्या दोन पशुवैद्यांनी १९८७ साली इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद छापली. त्यातली सुमारे ९० टक्के वाचली. लोकांना एवढंच आठवतं. पण ही दवाखान्यापर्यंत आणलेली मांजरं होती, खाली पडल्या जागी मेलेली त्यात नाहीत. आणि वाचलेल्यांतही छातीला मार, जबडा मोडणं, पाय मोडणं नेहमीचंच. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी पुरेशी नाही, मांजर ती चावून भोक पाडतं. लोखंडी किंवा स्टीलची बारीक जाळी वरपासून खालपर्यंत लावून घ्या. सोसायटी बाहेरून लावू देत नसेल तर आतल्या बाजूने चौकट करून बसवता येते. सुताराला एका दिवसाचं काम.

एवढं करूनही एखादं निसटलंच तर? घरात वाढलेलं मांजर सहसा लांब जात नाही. जिन्याखाली, गाडीखाली, झुडपात, टाकीमागे दडून बसतं, आणि हाक मारली तरी आवाज देत नाही, कारण भीतीने त्याची वाचा बसलेली असते. म्हणून आधी आपली आणि शेजारची इमारत इंच-इंच तपासा. वॉचमनला फोटो द्या. रात्री अकरानंतर, गाड्या थांबल्यावर, टॉर्च घेऊन खाली उतरा. अंधारात त्याचे डोळे चमकतात. सोबत त्याचं अंथरूण आणि तो खाऊचा डबा असू द्या. दिसलं तरी धावत जाऊ नका. दहा फुटांवर जमिनीवर बसा, डबा हळूच खुळखुळवा आणि थांबा.