सातपुड्याच्या माथ्यावरील कॉफी : चिखलदरा

रावेर-यावलच्या केळीबागांतून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची निळसर रांग नजरेस पडते. खानदेशी माणसाच्या लेखी ती आपल्या मुलखाची सीमा. पण हीच रांग पूर्वेकडे बुऱ्हाणपूर मागे टाकून अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटात शिरते, आणि तेथे गाविलगडचे डोंगर या नावाने ओळखली जाते. या डोंगरांच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १११८ मीटर उंचीवर, चिखलदरा हे छोटेसे गाव वसले आहे. कागदोपत्री ही नगरपरिषद असली तरी वस्ती अवघी पाच हजारांच्या आसपास. महाराष्ट्रात कॉफी पिकविणारा एकमेव प्रदेश अशी या गावाची आणि त्याच्या परिसराची ख्याती आहे.

अमरावतीहून परतवाड्यामार्गे सुमारे ८५ किलोमीटरचा हा प्रवास आहे. मुक्तागिरीच्या यात्रेस जाणाऱ्या जैन कुटुंबांना यातील परतवाड्यापर्यंतची वाट चांगलीच परिचित असते. ५२ मंदिरांचे ते सिद्धक्षेत्र याच डोंगरांच्या कुशीत, महाराष्ट्र व मध्य प्रदेशाच्या सीमेवर आहे. दर्शन घेऊन बहुतेक यात्रेकरू माघारी वळतात. परतवाड्याहून दुसरी वाट घाट चढून चिखलदऱ्यास पोहोचते, पण तिकडे थोड्यांचीच पावले वळतात.

गावाचे नाव कीचकाच्या कथेशी जोडले जाते. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत फेकले, म्हणून ही ‘कीचकदरा’ आणि त्यावरून चिखलदरा, असे लोक सांगतात. लिखित इतिहास जवळच्या गाविलगडापासून सुरू होतो. बहामनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास हा किल्ला बांधला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याच्या फौजेने तो जिंकला. पुढे १८२३ मध्ये हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन या पठारावर आला आणि येथील थंड हवेमुळे इंग्रज अधिकाऱ्यांचे हे उन्हाळी ठिकाण बनले. त्यांच्याच अमदानीत येथे कॉफी रुजली. गावाला लागून असलेली मरियमपूर ही कॅथलिक मिशनभोवतीची वस्ती त्या काळाची आठवण आजही जागी ठेवून आहे.

वऱ्हाडचे उन्हाळे प्रसिद्ध आहेत. त्याच वऱ्हाडात कॉफी कशी पिकते, असा प्रश्न कोणालाही पडावा. याचे उत्तर उंचीत आहे. अरेबिका जातीच्या कॉफीला साधारण हजार मीटर वा त्याहून अधिक उंची, भरपूर पाऊस, निचऱ्याची जमीन आणि डोक्यावर मोठ्या झाडांची सावली लागते. चिखलदऱ्याच्या पठारावर हे सारे एकत्र येते. पायथ्याची जमीन उन्हात भाजून निघत असताना वर रात्री गारवा असतो. पावसाळ्यात तर दिवसभर धुके हटत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये वळवाच्या सरी पडल्या की कॉफीच्या झुडपांवर मोगऱ्याची आठवण करून देणारी पांढरी, सुवासिक फुले येतात. फळ पिकण्यास पुढे आठ-नऊ महिने लागतात. नोव्हेंबर ते जानेवारी हा तोडणीचा काळ. एकाच फांदीवर हिरवी व लाल फळे शेजारी शेजारी असतात. म्हणून केवळ पिकलेली फळे हाताने वेचावी लागतात आणि त्याच झुडपाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. वेचलेल्या फळांचा गर शक्यतो त्याच दिवशी काढायचा, चिकट थर सुटावा म्हणून बी आंबवून धुवायचे, मग कित्येक दिवस उन्हात वाळवायचे. साधारण सहा किलो फळांतून एक किलो स्वच्छ बी हाती येते. भाजणे आणि दळणे त्यानंतरचे.

या परिश्रमाला मोल मिळते का, हा खरा प्रश्न आहे. मेळघाट ही कोरकू आदिवासींची भूमी. त्यांची भाषा मुंडा कुळातील, म्हणजे मराठी-हिंदीहून सर्वस्वी निराळी. कोरडवाहू शेतीचा हंगाम संपला की कोरकू कुटुंबे मजुरीसाठी मैदानात उतरतात आणि होळीला गावी परततात. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. मुलांचे शिक्षण आणि पोषण या स्थलांतरात मागे पडते. कुपोषणामुळे मेळघाटचे नाव वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत येत राहिले आहे. कॉफीची तोडणी नेमकी याच महिन्यांत असते. घर न सोडता हाताला काम देऊ शकेल असे हे पीक आहे.

परंतु बागा मोजक्या आणि उत्पादन थोडे. थोड्या मालासाठी प्रक्रियेची यंत्रे परवडत नाहीत, आणि प्रक्रिया व प्रतवारी नसेल तर मोठा खरेदीदार फिरकत नाही. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते, त्यामुळे बाजारही तिकडेच. खानदेशातील व्यापाऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी केळीचे वैभव उभे राहिले ते काही केवळ जमिनीच्या बळावर नव्हे. बागाईतदाराच्या मागे आडतदार, वाहतूकदार आणि दूरच्या बाजारपेठा उभ्या राहिल्या, तेव्हा ते घडले.

आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथेही डोंगर आहेत, आदिवासी शेतकरी आहेत आणि लहान लहान तुकड्यांवर सावलीतील अरेबिका आहे. शेतकरी संघटित झाले, प्रक्रिया एकत्र होऊ लागली, दर्जावर लक्ष दिले गेले. २०१९ मध्ये अराकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि आज ती कॉफी पॅरिसमध्येही विकली जाते.

चिखलदऱ्याला मात्र मर्यादेचे भान ठेवावे लागेल. १९७४ मध्ये स्थापन झालेला मेळघाट व्याघ्र प्रकल्प सभोवती आहे. बागांसाठी जंगल तोडणे हा मार्ग असू शकत नाही, आणि तशी गरजही नाही. कॉफी सावलीतच वाढते, म्हणून मोठी झाडे राखणे हाच तिचा धर्म आहे. आहे त्या बागांची निगा, स्थानिक प्रक्रिया आणि ‘चिखलदऱ्याची कॉफी’ म्हणून स्वतंत्र विक्री, एवढे साधले तरी पुष्कळ आहे.

पर्यटक बहुधा पावसाळ्यात येतात, धुके व धबधबे पाहून परततात. लाल फळांनी लगडलेली झुडपे त्यांना दिसत नाहीत. चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमेनंतर जैन कुटुंबांच्या यात्रा सुरू होतात, तेव्हा ही फळे पिकत असतात. मुक्तागिरीहून परतताना एक दिवस अधिक काढून घाट चढावा, बागा पाहाव्यात, गावातून कॉफीची पुडी विकत घ्यावी. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार नांदतो त्यांनी, हा माल दूरच्या बाजारी कसा पोहोचेल, एवढा विचार तरी सोबत घेऊन उतरावे.